दर पावसाळ्यात सोसायटीत डेंग्यू परत येतो? धुराचं मशीन बोलावण्याआधी हे तपासा

सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज साधारण गणपतीच्या आगेमागे येतो. ‘बी विंगमध्ये डेंग्यूची केस. कमिटीने ताबडतोब फवारणी करून घ्यावी.’ खाली पंधरा-वीस अंगठे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खांद्याला मशीन लावलेला माणूस येतो, पार्किंगमधून पांढरा धूर सोडत जातो, पोरं त्याच्यामागे धावतात, आजीमंडळी धडाधड खिडक्या लावतात. चार दिवस बरे जातात. मग सी विंगमध्ये केस.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, आमच्याकडे, हे सलग चार पावसाळे चाललं. मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथे एकच मशीन एकाच जागी तिसऱ्यांदा बंद पडलं की आमचे साहेब विचारायचे, ‘फ्यूज बदललास, ठीक आहे. पण तो उडतोय कशाने?’ निवृत्तीनंतर सेक्रेटरीपद गळ्यात पडलं तेव्हा हाच प्रश्न डासांना लावला. उत्तर मिळायला दीड वर्ष गेलं. ज्यांच्याकडे हेच रडगाणं चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय. आम्ही कुठे चुकलो तेही सांगतो, कारण बहुतेक सोसायट्या तिथेच चुकतात.

चावतोय तो डास कोणता?

आमची पहिली दोन वर्षं गटारात गेली. मागच्या नाल्याला वास मारतो, तिन्हीसांजेला त्यावर डासांचे थवे असतात, म्हणजे डेंग्यू तिथूनच येणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. अर्ज केले, फोटो पाठवले, नाला एकदा साफही झाला. त्या वर्षीही केसेस निघाल्या.

घाण पाण्यात आणि सेप्टिक टँकमध्ये वाढून रात्री कानाशी गुणगुणतो तो क्युलेक्स. तो झोपेचं खोबरं करतो, हत्तीरोगही पसरवतो, पण डेंग्यूशी त्याचा संबंध नाही. डेंग्यूचा डास एडिस इजिप्ती. अंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे. दिवसा चावतो. उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि ऊन उतरल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याचा जोर असतो. टेबलाखाली घोट्याला, पोटरीला चावून जातो आणि आवाज जवळजवळ नसतो. त्याला आपण घरात भरून ठेवतो तसलं स्वच्छ, न हलणारं पाणी लागतं.

म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे. ग्रुपवर विचारा, ‘तुम्हाला डास कधी चावतात?’ रात्री दिवा मालवल्यावर म्हणाले तर सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा, चेंबरची झाकणं बघा. सकाळी पेपर वाचताना म्हणाले तर पुढचं वाचा.

आणखी एक गोष्ट कमिटीला पचायला जड गेली. एडिस फार लांब उडत नाही. जन्मला तिथून साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच तो आयुष्य काढतो. आमचा नाला त्याहून लांब होता. बी विंगमधल्या मुलाला चावलेला डास बी विंगच्या आसपासच कुणाच्या तरी भांड्यात वाढला होता.

धूर मारूनही डास तसेच

धुरातलं औषध उडत्या डासाला प्रत्यक्ष लागलं तरच तो मरतो. काही मिनिटांत धूर विरतो आणि भिंतीवर मागे काही उरत नाही. पाण्यातल्या अळ्यांना आणि कोषांना त्याची खबरही नसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी नवे डास तयार. शिवाय आमचं मशीन यायचं संध्याकाळी सातनंतर. तेव्हा एडिस घरात दाराआड टांगलेल्या कपड्यांत, पडद्यामागे, पलंगाखाली बसलेला असतो. आणि आपण धूर नको म्हणून खिडक्या लावून घेतो!

धूर अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. केस निघालेली असताना विषाणू घेऊन फिरणारे मोठे डास लगेच मारायचे असतील तर फवारणी हवीच, पण ती रुग्णाच्या घरात आणि शेजारच्या घरांत, आतून. पार्किंगमध्ये सोडलेला धूर रहिवाशांच्या समाधानासाठी असतो. धुराचं बिल मंजूर करायला आमच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं लागायची. पाण्याची भांडी घासायला लागणाऱ्या ताठ केसांच्या सहा ब्रशांवर तासभर वाद झाला होता.

पाणी ओतून दिलं, तरी त्याच ड्रममध्ये पुन्हा अळ्या

सगळं घोडं इथेच पेंड खात होतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही कोरडा दिवस सुरू केला. दर शुक्रवारी सगळ्यांनी साठवलेलं पाणी ओतायचं. लोकांनी मनापासून केलं. तरी पंप रूममागच्या निळ्या ड्रममध्ये दहा दिवसांनी वळवळ दिसलीच. त्याच सुमारास महापालिकेचे कर्मचारी कंटेनर सर्वेला, म्हणजे घरोघरची पाण्याची भांडी तपासायला, आले. त्यांच्यातल्या एकाने रिकाम्या ड्रममध्ये टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला लावलं. पाण्याची रेघ जिथे असते तिच्या किंचित वर, खसखशीच्या दाण्यांहून बारीक काळे ठिपके भिंतीला चिकटले होते. तो म्हणाला, ‘काका, पाणी ओतलंत. अंडी ठेवलीत.’

एडिसची मादी पाण्यावर अंडी सोडत नाही. पाण्यालगतच्या ओल्या भिंतीवर ती एकेक करून चिकटवते, एका खेपेला शंभराच्या आसपास, आणि तीही एकाच भांड्यात नाही, चार ठिकाणी वाटून. ही अंडी वाळली तरी मरत नाहीत. कोरड्या ड्रमच्या कडेला सहा-सहा महिने, कधी त्याहूनही जास्त टिकून राहतात आणि पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की फुटतात. म्हणजे आम्ही दर शुक्रवारी ड्रम रिकामा करून शनिवारी काठोकाठ भरत होतो, आणि भिंतीवरच्या अंड्यांना हवं होतं तेच पुरवत होतो. ऑक्टोबरमध्ये माळ्यावर टाकलेली बादली जूनमध्ये गच्चीवर आली की रोग त्याच इमारतीत, त्याच कोपऱ्यात का उगवतो, हेही तेव्हा उमगलं.

उपाय सांगायला लाज वाटावी इतका साधा आहे. घासा. काथ्याने किंवा ताठ ब्रशने, पावडर लावून, आतली पूर्ण भिंत आणि विशेषतः काठाखालची वळलेली कड. धुतलेलं पाणी चेंबरमध्ये नको, उन्हातल्या मातीवर ओता. मग भांडं उपडं करून वाळवा. हे दर सात दिवसांनी, कारण पावसाळ्यातल्या आपल्या हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. ‘वेळ मिळाला की’ म्हणालात तर दहावा दिवस उजाडतोच.

आणि मे महिन्यात एकदा गेल्या वर्षी पाणी धरलेली प्रत्येक वस्तू घासून काढा, मग ती आज कोरडी ठणठणीत का असेना. वर्षभरातल्या सगळ्या कामांपैकी आमच्याकडे सर्वांत जास्त फरक याने पडला असं माझं मत आहे.

केस निघाली, पण अळ्या कुठेच नाहीत

कॅलेंडर काढा. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस. त्याने रुग्णाला चावून विषाणू घेतला की तो दुसऱ्याला देण्याजोगा व्हायला ८ ते १२ दिवस. चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस. बेरीज येते साधारण तीन ते साडेचार आठवडे. आज ज्या पाण्यात अळ्या शोधताय ते निर्दोष असू शकतं. गुन्हा महिन्यापूर्वीच्या पाण्याचा असतो.

आमच्याकडे एकदा २५ ऑगस्टच्या सुमारास एकदम तीन केसेस निघाल्या. महिनाभर मागे गेलो तर जुलैअखेरीस पंपाची मोटर जळाली होती. पाच दिवस टँकर, आणि प्रत्येक घरात बाल्कनीपर्यंत बादल्या, पातेली, कचऱ्याच्या नव्या डब्यातसुद्धा पाणी. मोटर दुरुस्त झाली आणि बाल्कनीतलं पाणी ‘राहू दे, झाडांना होईल’ म्हणून तसंच राहिलं.

फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची बशी, कूलर, टायर, करवंट्या हे सगळ्यांना पाठ असतं. आमच्याकडे निसटलेल्या जागा वेगळ्या होत्या.

बंद फ्लॅट. मालक न्यू जर्सीला, किल्ली कोथरूडला त्यांच्या भावाकडे. दार उघडलं तर कमोडमध्ये आणि फ्लशच्या टाकीत अळ्या, बाथरूमच्या जाळी नसलेल्या झरोक्यातून डासांची ये-जा. पुण्यात फ्लॅट ठेवून परदेशी असलेल्या मंडळींना हात जोडून विनंती आहे, किल्ली जवळ कुणाकडे तरी ठेवा. आणि आठवड्याहून जास्त कुणीही बाहेर जाणार असेल तर कमोडचं झाकण लावून वर प्लॅस्टिक चिकटवा, न्हाणीच्या ट्रॅपवर काहीतरी घट्ट झाका.

गच्चीवरची टाकी. झाकण उत्तम होतं आणि आम्ही त्यावर खूश होतो. ओव्हरफ्लोचा पाइप मात्र उघडा. खिडकीला लावतो तीच नायलॉनची जाळी पाइपच्या तोंडाला क्लॅम्पने आवळली, काम झालं. या टाक्यांत मलेरियाचा शहरी डासही वाढतो, त्यामुळे एका जाळीत दोन रोगांची वाट अडते.

लिफ्टचा खड्डा. पावसाळ्यात तळाशी झिरपून पाणी साठतं आणि वरून दिसत नाही. तिथे स्वतः उतरू नका. लिफ्टच्या मेकॅनिकला बोलावून लिफ्ट बंद करून पाणी उपसून घ्या, आणि झिरपतंय कुठून ते बुजवा. नाहीतर पुढच्या पावसात तेच.

विसर्जनाचा हौद. ही आमची खास लाजिरवाणी जागा. अनंत चतुर्दशीला सोसायटीच्या आवारात प्लॅस्टिकचा मोठा हौद मांडतो. मूर्ती विसर्जित होतात, दुसऱ्या दिवशी माती काढतात, आणि हौद दसऱ्यापर्यंत पावसाचं पाणी घेत तसाच उभा. वर मांडवाच्या ताडपत्रीला पडलेल्या झोळ्या.

आणि तो पंप रूममागचा निळा ड्रम. तो वॉचमनच्या कुटुंबाचा होता. त्याला तीन वर्षं आम्ही दम देत होतो. कुणी विचारलं नव्हतं की तो पाणी का भरून ठेवतो. त्यांच्या खोलीला नळच नव्हता. आवारातला बागेचा नळ सकाळी तासभर चालू, तेवढ्यात दिवसभराचं भरायचं. प्लंबरने अर्ध्या दिवसात नळ काढून दिला. ड्रम त्यांनी आपणहून भंगारात दिला.

इतकं करूनही जागा सापडत नसेल तर डासालाच विचारा. काळ्या रंगाचा जुना डबा किंवा बरणी घ्या, दोन तृतीयांश पाणी भरा, पावसाचं जास्तीचं पाणी निघून जायला वर एक भोक ठेवा. आत जाडसर, खरखरीत कापडाची पट्टी अशी लावा की खालचा भाग पाण्यात आणि वरचा बाहेर राहील. सावलीत, जमिनीलगत ठेवा. मादीला अशी अंधारी ओली जागा आवडते. सहाव्या दिवशी पट्टी काढून भिंगाने बघा. ठिपके असतील तर त्या विंगच्या आसपास एडिस आहे. आम्ही आठ डबे मांडले आणि शोध सगळ्या आवारातून दोन कोपऱ्यांवर आला. एक धोका आहे. डबा विसरलात तर तो स्वतःच डासांचा कारखाना होतो. आम्ही दिवाळीत एक विसरलो होतो. अंडी दिसलेली पट्टी उकळत्या पाण्यात टाका, डबा घासा, मग पुन्हा मांडा.

नळालाच आठ दिवसांनी पाणी येतं, तर कोरडा दिवस पाळायचा कसा?

हा प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या माझ्या ताईचा. ती म्हणाली, ‘तुमचं बरंय रे, ओतून देता. आम्ही ओतलं तर पिऊ काय?’ खरं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. अशा भागात ‘पाणी साठवू नका’ हा फलक लावणाऱ्याने आधी नळाला पाणी सोडावं.

तिथे करता येतं ते इतकंच. पाणी येण्याच्या दिवशी, भरण्याआधी, तळाशी उरलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचं, रांजण-पिंप आतून घासायचं आणि मग भरायचं. सगळी एकदम जमत नसतील तर या खेपेला अर्धी, पुढच्या खेपेला उरलेली. भरल्यावर जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं दुहेरी कापड तोंडाला ताणून इलॅस्टिकने बांधायचं. ते खाली झोळून पाण्याला टेकता कामा नये, ओल्या कापडावरही मादी अंडी घालू शकते. सिमेंटचा मोठा हौद घासणं शक्य नसेल तर आरोग्य कर्मचारी अबेट हे अळ्या मारणारं औषध टाकून देतात. ठरलेल्या मापात, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत, ते पिण्याच्या पाण्यातही चालतं. बाहेरून बाटली आणून अंदाजाने ओतू नका. गप्पी मासे वापरायच्या पाण्याच्या हौदात, पडक्या विहिरीत उत्तम काम करतात. नदी-तळ्यात मात्र सोडू नयेत, तिथल्या माशांच्या मुळावर येतात.

घरात ताप आल्यावर

रुग्णाला दिवसा मच्छरदाणीत झोपवा. लोक हसतात, पण ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पुढचे साधारण पाच दिवस त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि तेव्हा चावणारा प्रत्येक एडिस तो उचलतो. दोन-तीन आठवड्यांनी शेजारच्या विंगमध्ये निघणारी केस इथे थांबते.

टेस्ट निगेटिव्ह आली तर कितव्या दिवशी केली ते बघा. एनएस-१ ही रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट पहिल्या पाच दिवसांत बोलते, त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम करावी लागते. सहाव्या दिवशीच्या निगेटिव्ह एनएस-१ वर निर्धास्त होऊ नका. खासगी लॅबची झटपट होणारी कार्ड टेस्ट सरकारी आकड्यात ‘संशयित’ म्हणून धरतात, निश्चिती एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीने. त्यामुळे आकडे जुळत नाहीत म्हणून भांडत बसू नका, केस कळवा, म्हणजे परिसराची तपासणी होते.

तापाला पॅरासिटॅमॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला की सुटलो असं समजू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप उतरतानाच काहींची तब्येत ढासळते. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, अस्वस्थपणा, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. पपईच्या पानांचा रस आणि चढ्या भावाची किवी यांवर ग्रुपवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी या लक्षणांवर झाली तर बरं.

चिकुनगुनिया आणि झिकासाठी वेगळी मोहीम लागत नाही, डास तोच आणि भांडीही तीच. चिकुनगुनिया आपल्याकडे नवा नाही. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली, मग तो तीसेक वर्षं जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातच रुग्ण निघाले. झिका बहुतेकांना सौम्य जातो, पण गर्भातल्या बाळाच्या मेंदूला इजा करू शकतो. म्हणून आमच्या शुक्रवारच्या फेरीत गरोदर बाई असलेलं घर आणि त्याच्या वरखालचे मजले पहिल्यांदा होतात.

सध्याची स्थिती

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एकच केस निघाली, आणि त्या मुलाला शाळेतही डास चावत होते, त्यामुळे ती आमचीच होती का हे सांगता येत नाही. आठपैकी सात डबे आता बहुतेक आठवडे कोरे निघतात. सी विंगच्या मागचा डबा मात्र अजूनही ठिपके दाखवतो. तिथे बाल्कन्या पाहून झाल्या, भिंतीपलीकडच्या बांधकामावर सिमेंट ओलं ठेवायला साठवलेलं क्युरिंगचं पाणीही पाहून झालं. आता पार्किंगच्या पत्र्यावरची पन्हळ राहिली आहे, शिडी आणली की रविवारी वर चढून बघणार आहे.